आधी ती ट्यूब, मग काळी वर्तुळं

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरची, वय 38. खासगी शाळेत शिकवते, रोज स्कूटीवरून जाणं-येणं असतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर कॉलेजपासूनच आहेत. दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये काही न विचारता मिळाली. आठ-दहा दिवसांत चेहरा असा उजळला, की स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायला लागल्या. मग रोज रात्री लावायची सवयच लागली, डोळ्यांखालीसुद्धा. आता दोन दिवस लावली नाही तर तोंड लाल होतं, भगभगतं, बारीक पुरळ उठतं. लावली की शांत. गालांवर लव वाढली आहे. उन्हात गेलं की टोचल्यासारखं होतं. वांग पुन्हा दिसू लागलेत, वर्तुळं तशीच आहेत. फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते ब्लीच आणि गोल्ड फेशियल करा, सासूबाई म्हणतात लिंबू-हळद लाव. डोळ्यांखाली लावायला एखादी चांगली क्रीम सांगाल का?

उत्तर : प्रिय ताई,

तुम्ही क्रीमचं नाव मागितलंत, पण ते मी आज सांगणार नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ काळ्या वर्तुळांबद्दलची नाहीच. "लावली नाही तर भगभगतं, लावली की शांत" ही ती ओळ. आम्ही त्वचारोगवाले ही तक्रार रोज ऐकतो आणि ऐकल्याबरोबर पेशंटला ट्यूब दाखवायला सांगतो.

तुमची ट्यूब हातात घ्या आणि उजेडात धरा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. त्याच्या खाली बारीक अक्षरांत घटकद्रव्यं छापलेली असतात, ती वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी आणखी दोन नावं असतील, तर ते वांगावरचं तिहेरी मिश्रण. ते औषध खरंच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजके आठवडे वापरायचं. दीड वर्ष रोज रात्री, आणि तेही डोळ्यांखाली, लावण्यासाठी ते बनलेलंच नाही. ट्यूब समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही, पण लाली, पुरळ, लव, उन्हात टोचणं ही सगळी लक्षणं एकाच बाजूला बोट दाखवतात.

स्टिरॉइडचं मलम वाईट नसतं. इसबावर, सोरायसिसवर ते आम्हीही लिहून देतो. ठरलेली जागा, ठरलेले दिवस, आणि मग बंद. चेहऱ्यावर मात्र ते आधी भुरळ घालतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली जाते, दाह दबतो, रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. तुम्हाला आठ-दहा दिवसांत दिसलेला उजळपणा तो हाच. आत त्वचा पातळ होत जाते, आणि आकसून राहिलेल्या रक्तवाहिन्यांना औषध थांबलं की एकदम सैल पडायची सवय लागते. मग चेहरा लालबुंद होतो, आग होते, मुरुमांसारखे फोड येतात. बाईला वाटतं, क्रीम बंद केली म्हणून त्रास झाला. ती पुन्हा लावते. दीड वर्ष हेच चाललं आहे.

यात तुमचा दोष मी धरत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरीही गल्लोगल्ली ती साबणासारखी मिळतात. "काही न विचारता मिळाली" हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझा राग त्यावर आहे.

आता काय करायचं ते. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाला भेटा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभाग आहे, केस पेपर काढला की दाखवता येतं. ट्यूब सोबत न्या, किती दिवस आणि कुठे कुठे लावली ते न लाजता सांगा. ती एकदम बंद करायची, की आधी सौम्य औषधावर येऊन हळूहळू सोडायची, हे तुमची त्वचा पाहून ठरवावं लागतं. लाली आणि पुरळ आटोक्यात ठेवायला टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमं असतात, कधी काही आठवडे गोळ्याही द्याव्या लागतात. तोवर दुसरी "तशीच पण साधी" ट्यूब मेडिकलमधून आणू नका. नव्या नावाखाली बहुतेक वेळा तेच असतं.

ट्यूब सुटली की पहिले काही आठवडे चेहरा आत्ता आहे त्याहून वाईट दिसेल. हे आधी माहीत नसल्यामुळेच निम्म्या बायका पुन्हा ट्यूबकडे वळतात. लाली, आग, खाज, पापण्यांना सूज, सगळं होऊ शकतं. त्या दिवसांत स्वच्छ मऊ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. बर्फ थेट लावू नका. साबण बंद. फेस न होणारं, वास नसलेलं सौम्य क्लीन्झर वापरा, नाहीतर दिवसातून एकदाच ते आणि बाकी वेळा नुसतं पाणी. त्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. तेही चरचरलं तर पांढरं पेट्रोलियम जेली पातळ लावून पाहा. वाफ घेऊ नका. पोळ्या करताना शेगडीजवळ चेहरा तापला की आग वाढेल, तेवढे दिवस घरात कोणाची मदत मिळत असेल तर घ्या. त्वचा सावरायला काही महिने लागतात. ती सावरते. वाढलेली लवही ट्यूब सुटल्यावर हळूहळू कमी होते. गालांवर लाल शिरा दिसू लागल्या असतील तर त्यातल्या काही मात्र राहू शकतात, त्यासाठी नंतर लेझर असतो.

डोळ्यांचंही एक काम करून घ्या. पापण्यांची आणि डोळ्यांखालची त्वचा अंगावरच्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे लावलेलं औषध बाकीच्या गालापेक्षा जास्त मुरतं, डोळ्यातही थोडं जातं. महिनोन् महिने स्टिरॉइड गेलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, त्यातून काचबिंदू, आणि कधी मोतीबिंदू. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, दिसायला कमी झाल्याचं कळतही नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाब एकदा मोजून घ्या. सगळं ठीक निघण्याचीच शक्यता जास्त आहे. पण तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे, आणि वेळेत कळलं तर औषधाने दाब आटोक्यात येतो.

आता वर्तुळं. ती कॉलेजपासून आहेत म्हणता, म्हणजे ट्यूबच्या कितीतरी आधीची. काळी वर्तुळं हा एक आजार नाही. वेगवेगळ्या कारणांनी एकाच जागी दिसणारी ती काळपट छटा आहे, आणि कारण वेगळं तर उपायही वेगळा. सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन उभ्या राहा, ट्यूबलाइटखाली नको. एका बोटाने डोळ्याखालची त्वचा गालाच्या बाजूला हलकेच ताणा. तपकिरी रंग ताणूनही तसाच राहिला, तर तिथे रंगद्रव्य जास्त आहे. निळसर-जांभळट छटा ताणल्यावर आणखी उठून दिसली, तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. आता हनुवटी वर करून उजेड थेट चेहऱ्यावर पडू द्या. काळेपणा बराच कमी झाला, तर ती नाकाजवळून गालाकडे जाणाऱ्या खोलगट घडीची सावली आहे. वयाबरोबर आणि वजन उतरल्यावर ती खोलावते. बहुतेक बायकांत दोन-तीन गोष्टी मिसळलेल्या असतात.

आणि घरातले जुने फोटो काढा. आई, मावशी, आजी यांच्या डोळ्यांखाली अशीच छटा असेल, तर ती तुमच्या त्वचेच्या जडणघडणीतली आहे. आपल्याकडे हे फार घरांत दिसतं. ती पूर्ण जाईल असं मी कोणालाच सांगत नाही. फिकी होते, उठून दिसेनाशी होते, एवढं नक्की जमतं. सावळ्या रंगात डोळ्यांभोवती थोडी गडद छटा असणं हा कमीपणा नाही, आणि तिच्यासाठी कोणतंही औषध डोळ्याजवळ नेण्याआधी दोनदा विचार केला पाहिजे.

ती वाढवणाऱ्या काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली तुमच्या पत्रातच आहे, स्कूटी. सोलापूरच्या उन्हात सगळ्या बायका स्कार्फ बांधतात, तोंड-नाक झाकतं, केस झाकतात, आणि उघडी राहते ती नेमकी डोळ्यांभोवतीची पट्टी. धूळ तिथे, ऊन तिथे, आणि घामाने स्कार्फची कडही तिथेच घासते. हेल्मेटच्या काचेवर भरवसा ठेवू नका, मोठ्या काचांचा, अतिनील किरणं अडवणारा गॉगल घ्या. त्या पट्टीवर सनस्क्रीन लावा. सध्या तुमच्या त्वचेला झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन मानवेल, ते डोळ्यात कमी चुरचुरतं. एसपीएफ 30 पुरतो, 50 असला तर चांगलंच, पण लावताना कंजुषी नको. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. बायका मटारच्या दाण्याएवढं लावतात आणि उपयोग होत नाही म्हणतात. घरून निघताना लावलेलं दुपारी शाळा सुटेपर्यंत टिकत नाही, निघण्याआधी पुन्हा लावा. वर्गात खिडकीशेजारी उभं राहून शिकवत असाल तर तेही ऊनच. साध्या काचेतून अतिनील-ए किरणं आत येतात. वांगासाठी तर किंचित रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन अधिक चांगलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतात.

दुसरी गोष्ट चोळणं. सकाळी उठल्यावर शिंका येतात का, डोळे खाजतात का, खडूच्या धुळीने पाणी येतं का? डोळे खसाखसा चोळणाऱ्या माणसाची वर्तुळं कोणत्याही क्रीमने जात नाहीत, कारण प्रत्येक चोळण्याने तिथे रंगद्रव्य जमा होतं. अ‍ॅलर्जीवर थेंब आणि गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री काजळ काढतानाही तोच नियम. कापसाला थोडं खोबरेल लावून तो बंद पापणीवर क्षणभर ठेवायचा, काजळ सैल झालं की एकदाच हलक्या हाताने पुसायचं. चेहऱ्यावर पुरळ असेल तर खोबरेल पापणीच्या कडेपुरतंच ठेवा, गालांवर नको. सुट्टा सुरमा मात्र घरात ठेवूच नका, त्यात शिसं असू शकतं.

तिसरी म्हणजे रक्त. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेऊ का, असं विचारा. आपल्या बायकांत रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की थकवा हा स्वभाव समजला जातो. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालचा काळेपणा जास्त उठतो. जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला. चहामुळे जेवणातलं लोह अंगात कमी शोषलं जातं. पाळी जास्त जात असेल तर तेही सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, वांग त्यांनीही वाढतात.

बटाट्याच्या चकत्या, काकडी, थंड केलेल्या चहाच्या पिशव्या यांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. गारव्याने रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात, सकाळची सूज उतरते, बरं वाटतं. तासा-दोन तासांचं काम आहे. त्वचा शांत असेल तेव्हा करायला हरकत नाही. सूज मुख्यतः सकाळी येत असेल तर एक जादा उशी घेऊन पाहा आणि रात्रीच्या जेवणात पापड-लोणचं कमी करा.

सासूबाईंचं मन मोडू नका, पण लिंबू नको. लिंबाचा रस फार आम्ल असतो, पातळ झालेल्या त्वचेवर तो भाजल्यासारखा लागतो, आणि लावून उन्हात गेलात तर डाग उठतात. त्यांना सांगा की डॉक्टरांनी सहा महिने काहीच लावायला मना केलं आहे. मी तसं लिहिलं आहे, दाखवा हवं तर. भाचीच्या हळदीला तुम्हाला हळद लागणारच. हातापायांना लावून घ्या, गालांना बोट टेकवू देऊ नका.

पार्लरचं ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया. सध्याच्या तुमच्या त्वचेवर ते घालणं म्हणजे जखमेवर घालणं. फेशियलचं मसाज, स्क्रब, वाफ, तिन्ही नको. वॅक्सने लव काढायला जाल तर लवेबरोबर कातडीचा पापुद्रा निघेल. भुवया करायच्या असतील तर लाली उतरल्यावर, स्वच्छ धाग्याने, तेवढ्याच करा. आणि पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून "आमची स्पेशल क्रीम" दिली तर घेऊ नका. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना अशा गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि त्वचेतून आत जाऊन तो मूत्रपिंडावर उतरतो.

लग्नाचं बोलू. फेब्रुवारीपर्यंत चेहरा नितळ होईल असं वचन मी देणार नाही, पण आग शांत झालेली असेल अशी आशा आहे. तेव्हा मेकअप करायला हरकत नाही, मात्र मेकअपचं सामान तुमचं स्वतःचं हवं. काजळाची पेन्सिल आणि मस्कारा लग्नघरात हातोहात फिरतात, आणि त्यांच्याबरोबर डोळे येण्याची साथही. वापरायचं ते कानामागे दोन दिवस थोडं लावून पाहा. डोळ्यांखाली थेट गोऱ्या छटेचं कन्सीलर लावलं की राखेसारखं दिसतं. आपल्या रंगाला आधी पीच किंवा केशरी छटेचं करेक्टर लागतं, अगदी चिमूटभर, आणि ते अनामिकेने टिपत टिपत बसवायचं. त्यावर त्वचेच्या रंगाचं पातळ कन्सीलर. पावडरचे थर दिले तर बारीक रेघांमध्ये बसतात.

लग्नाच्या तोंडावर नवीन हेअर डाय लावू नका. डायची अ‍ॅलर्जी डोक्यापेक्षा पापण्यांवर आधी फुगते. नेलपेंटचंही तसंच, नखं ठीक राहतात आणि जिथे जिथे बोट लागतं त्या पापण्या सुजतात. टिकलीखाली पांढुरका डाग दिसू लागला असेल तर टिकली लगेच थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग कायमचा जाऊ शकतो.

डोळ्यांखालच्या क्रीमचा विचार त्वचा शांत झाल्यावर करू. व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, कॅफिन यांचा उपयोग होतो, पण तो थोडा आणि तीन-चार महिन्यांनी दिसणारा. रेटिनॉल बारीक रेघांसाठी चांगलं, मात्र तुमच्यासारख्या नाजूक झालेल्या त्वचेवर ते इतक्यात नको, आणि गरोदरपणात तर मुळीच नको. खोलगट सावलीसाठी फिलर, म्हणजे सुईने त्वचेखाली सोडायचं जेल, भरतात. ते फक्त तज्ज्ञाकडून, कारण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टीला धोका असतो. पार्लरमध्ये कधीही नाही. वांगावर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखी स्टिरॉइड नसलेली औषधं आहेत. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही देतात, पण घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. हे सगळं मार्च-एप्रिलनंतर, लाली पूर्ण उतरल्यावर. तेव्हा मला पुन्हा लिहा, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी काय काय लिहून दिलं त्याची नावं पत्रात कळवा, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.